घोडा शेवटपर्यंत जिवंत हवा

"घोडा जिवंत आहे!" किशोरने कँटीनमध्ये जाहीर केलं आणि ताटातला गार झालेला वरणभात एकदाचा कालवायला घेतला.

पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी दचकून वळून पाहिलं. समोर बसलेला लेथवरचा खंडेराव मात्र जेवत राहिला. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत किशोर मोबाइलवर घोडेच बघत होता, त्यामुळे त्याला काही नवल राहिलं नव्हतं.

"कितवा ह्यो?" त्याने विचारलं.

"मोजायचं सोडून दिलं. पण हा पास. शेवटच्या सीनमध्ये चारही पायांवर उभा आहे. शेपटीसुद्धा हलवतोय."

"आन मधी काय व्हतं?"

"मधलं कोण बघत बसतंय? सँपल काढलं, ओके निघालं, लॉट पास."

"बरंय तुमचं साहेब," खंडेराव ठेच्याला हात घालत म्हणाला. "आमच्या जॉबला भिंग लावता आन घोड्याची नुसती शेपटी बघता."

किशोर सातपूरच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायचा. दिवसभर त्याच्या हातात माप तपासायचं गेज असे. गेजमध्ये जॉब बसला तर पास, नाही बसला तर लाल डब्यात. त्याला असं काटेकोर जगणं आवडायचं. घरी मात्र बायको आणि तीन मुलं कुठल्याच गेजमध्ये बसत नसत, आणि सिनेमा निवडायची वेळ आली की विचारूच नका.

झालं होतं असं, की दिवाळीच्या सुट्टीत त्याने मोठ्या हौसेने सगळ्यांना घोड्याचा सिनेमा दाखवला होता. चित्रात फुलं होती, फुलपाखरं होती, हसरा घोडा होता. तो हसरा घोडा सिनेमा संपायला पाच मिनिटं असताना मेला. धाकटी वेदिका टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हा कधी उठणार?" त्या दिवसापासून पोरीने दूध सोडलं. पुढच्या आठवड्यात बालवाडीच्या बाईंनी 'माझं कुटुंब' असं चित्र काढायला सांगितलं, तर हिने आई, पप्पा, आबा, दोन दादा आणि पाय वर केलेला एक घोडा काढला. बाईंनी किशोरच्या बायकोला, मीनाला, बोलावून घेतलं. घरात काही घडलंय का, असं फार हळुवारपणे विचारलं.

मीना घरी आली ती तणतणतच. "पुन्हा या घरात घोडा मेला," ती म्हणाली, "तर टीव्ही माळ्यावर जाईल. आणि त्याच्यामागोमाग तुम्ही."

आणि आता वेदिकाचा पाचवा वाढदिवस आला होता. काय हवं, असं विचारल्यावर बाईसाहेबांनी सांगितलं, "घोड्याचा पिक्चर."

"अगं, पण तू रडतेस ना?"

"न मरणारा घोडा आण."

तिथून किशोरच्या मागे हे काम लागलं. एकट्या वेदिकाचा प्रश्न असता तर सोपं होतं. गाणी म्हणणाऱ्या घोड्याचं कार्टून मिळालं होतं. पण चौदा वर्षांच्या सार्थकने ते अर्धा मिनिट पाहून सांगितलं, "घोडा गाणं म्हणणार असेल तर मी मित्राकडे जातो." नऊ वर्षांच्या कुंदनला मारामारी हवी होती. लढाईतल्या घोड्याचा एक सिनेमा सापडला, त्यात मारामारी भरपूर, पण शेवटी माणसं आणि घोडे सारखेच आडवे. लाल डबा. शर्यतीच्या घोड्याचा एक होता, तो मीनाने बाद केला. "वाढदिवसाला काय जुगार शिकवता?" एकात घोडा ठणठणीत होता, पण मुलाची आईच सुरुवातीला जायची. वेदिकाच्या बाबतीत तेही चाललं नसतं.

शेवटी किशोरने वयाप्रमाणे नियमच ठरवून टाकले. पाच वर्षांसाठी, घोडा मरता कामा नये. नऊ वर्षांसाठी, घोड्याला लागलं तर चालेल, पण मारणाऱ्याला चोप बसला पाहिजे. चौदा वर्षांसाठी नियम एकच, सिनेमा बापाने निवडलाय असं वाटता कामा नये. हा शेवटचा नियम पाळणं जगात कोणालाच जमलेलं नाही.

"आबा, तुम्हाला कसला चालेल?" त्याने वडिलांना विचारलं होतं.

"घोडा हाय ना? मंग चालंल," सावळीराम आबा म्हणाले.

आबांची हयात टांगा हाकण्यात गेली. शालिमार ते पंचवटी, पंचवटी ते शालिमार. घोड्याच्या बाबतीत आबा खोटं बोलत नाहीत, ही ख्याती सगळ्या टांगा स्टँडवर होती, आणि तिने त्यांचं नुकसानच केलं. घोडं विकायला काढलं की गिऱ्हाइकाने विचारायच्या आत हेच त्याच्या खोडी सांगत. एकदा कोणाच्या तरी वरातीला घोडी घेऊन गेले आणि नवरदेव रिकिबीत पाय घालत असताना म्हणाले, "उजव्या अंगाला फटाके लावू नका, तिला त्या डोळ्यानं दिसत नाय." नवरदेव चालत गेला मांडवात.

त्यांचा शेवटचा घोडा हवालदार. प्रत्येक चौकात आपणहून थांबायचा, म्हणून हे नाव. टांगा सोडला की आबा त्याच्या मानेवर दोन थापा मारत, तेव्हा कुठे तो तबेल्यात शिरायचा. घरातल्या मुलांना हवालदारची गोष्ट पाठ होती. किशोर कुंदनएवढा असताना एके दिवशी शाळेतून आला, तर तबेला रिकामा. हवालदार म्हातारा झाला म्हणून आबांनी त्याला त्र्यंबक रस्त्यावरच्या एका मळेवाल्याकडे ठेवला होता. काम नाही, धाम नाही, नुसतं चरायचं. किशोरने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आबा त्याला एसटीने त्र्यंबकला घेऊन गेले आणि येताना खिडकीतून बोट दाखवून म्हणाले, "तो बघ. मान बघ ना त्याची, मान." लांब शेतात एक तांबडा घोडा चरत होता. किशोरने हाक मारली तर त्याने मान वरसुद्धा केली!

"आणि त्याचं शेपूट!" गोष्टीच्या शेवटी किशोर हमखास सांगायचा. "इथे होता तेव्हा कसं विरळ, आखूड होतं. तिथलं खाऊन जमिनीला टेकायला आलं होतं." वेदिकाला हाच भाग सगळ्यात आवडायचा. आबा मात्र गोष्ट शेपटापर्यंत आली की पाणी प्यायला उठत.

रविवारी संध्याकाळी पावभाजी झाली, केक झाला, आणि सगळे टीव्हीसमोर बसले. वेदिका आबांच्या मांडीवर, मीना दाराशी, म्हणजे माळा दिसेल अशी.

सिनेमा परदेशी होता, हिंदीत डब केलेला. डोंगरातला एक मुलगा आणि त्याचा तांबडा घोडा. घोडा देखणा होता, कपाळावर पांढरा पट्टा आणि पुढचे दोन्ही पाय पांढरे. आबा पहिल्या मिनिटापासून रंगात आले. "लगाम ढिला सोड, ढिला सोड, तोंड फाटंल त्याचं," असं ते त्या परदेशी पोराला मराठीतून सांगत होते. घोडेचोर आले, त्यांना चोप बसला, कुंदन खूश झाला. सार्थकनेही मोबाइल उपडा ठेवला. किशोर भिंतीला टेकून बसला. एवढं निवांत त्याला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

आणि अर्धा सिनेमा झाला असताना नदीला पूर आला. घोड्याने मुलाला पाठीवरून पैलतीराला नेलं, काठावर चार पावलं टाकली आणि तो पडला. हळूहळू त्याने डोळे मिटले. मुलगा त्याच्या गळ्यात पडून "नहीं!" असं ओरडला.

घोडे मरतात ते शेवटी, हा सिद्धांत किशोरने एका घोड्यावरून काढला होता. शेवटचं गेज लावलं, मधलं पाहिलंच नाही. मीनाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माळ्याकडे. वेदिकाची हनुवटी थरथरू लागली होती.

"झोपला," आबा म्हणाले.

"झोपला?"

"दमला बिचारा. एवढी नदी पवला, मंग काय करंल?"

कुंदन हटणाऱ्यांतला नव्हता. "आबा, तुम्हीच तर सांगितलं, घोडा उभ्याने झोपतो."

"भाड्याचा घोडा उभ्यानं झोपतो," आबा म्हणाले. "ह्यो घरचा हाय."

"मग तो दादा का रडतोय?" वेदिकाने विचारलं.

"त्याला नाय ठाऊक, झोपलाय म्हणून. ल्हान हाय ना तो. तुला ठाऊक हाय, मंग तू कशाला रडती?"

वेदिकाने हनुवटी आवरली. आपल्याला कळतंय आणि टीव्हीतल्या एवढ्या मोठ्या मुलाला कळत नाही, याचं तिला अप्रूप वाटलं. पुढचा अर्धा तास ती त्या मुलाची समजूत घालत होती. "अरे रडू नको, उठेल तो." मुलगा मोठा झाला, मिशा फुटल्या, तरी ही समजूत घालतेच आहे. शेवटचा सीन किशोरला आता नव्याने समजला होता. तिथे घोडा उभा आहे हे खरं होतं. पण तो कुठला?

तो सीन आला. डोंगराच्या कडेला एक तांबडा घोडा, कपाळावर पांढरा पट्टा, शेपटी हलवतोय.

"उठला!" वेदिकाने टाळ्या पिटल्या. "उठला, उठला!"

"हा तो नाहीये," कुंदन म्हणाला. "त्याचे दोन पाय पांढरे होते. ह्याचा एकच आहे. हा दुसराच घोडा आहे."

वेदिकाच्या टाळ्या थांबल्या. ती मांडीवरच वळली आणि तिने आबांच्या तोंडाकडे पाहिलं. या घरात घोड्याबद्दलचा शेवटचा शब्द आबांचा होता, हे तिलाही माहीत होतं.

"आबा? हा तोच आहे का?"

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला आणि टीव्हीकडे नीट निरखून पाहिलं.

"तोच तो," ते म्हणाले. "मान बघ ना त्याची, मान."

वेदिकाने मान पाहिली. तिची खात्री पटली. ती उड्या मारत स्वयंपाकघरात गेली आणि तिने आईला दूध मागितलं.

किशोर मात्र होता तिथेच राहिला. त्याला एसटीची खिडकी दिसत होती आणि लांबवरचा तो तांबडा घोडा. जमिनीला टेकायला आलेलं ते शेपूट. गवत खाऊन थोड्या दिवसांत कोणाचं शेपूट एवढं वाढतं? दिवसभर माल तपासणाऱ्या माणसाला इतक्या वर्षांत हे एकदाही सुचलं नव्हतं. हवालदार गेल्यावर आबा कितीतरी दिवस रात्री जेवत नव्हते, पोटात दुखतंय म्हणायचे, तेही त्याला आत्ता आठवलं. चाळिशी उलटलेल्या माणसाचा घोडा रविवारी संध्याकाळी, केक खाल्ल्यावर गेला होता, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

मीना दुधाचा पेला घेऊन आली. "मधलंसुद्धा बघायचं असतं," ती हलकेच म्हणाली. पण रागाने नाही. माळ्याचा विषय तिने काढला नाही.

वेदिका ओठावर दुधाची मिशी घेऊन आबा आणि किशोरच्या मधे येऊन बसली. "पप्पा, आपला हवालदार अजून मळ्यात आहे ना?"

सार्थकने डोकं वर केलं. "अगं वेडे, घोडा जगून जगून पंचवीस..." एवढं बोलून त्याने आजोबांकडे पाहिलं. आबा खाली फरशीकडे बघत होते. मग त्याने बापाकडे पाहिलं आणि तो जरासा अडखळला. "पंचवीस किलो गवत खातो म्हणे रोज," असं म्हणून त्याने मोबाइल तोंडासमोर धरला. किशोरला वाटलं, हा पोरगा आज मोठा झाला.

"सांगा ना पप्पा. आहे ना?"

या वेळी आबा पाणी प्यायला उठले नाहीत.

"आहे की," किशोर म्हणाला. "मी स्वतः पाहिलाय. मी हाक मारली तर वळून बघितलं त्याने. आणि शेपूट तर काय विचारू नकोस, एवढं वाढलंय!"

वेदिका समाधानाने दूध पिऊ लागली. कुंदनने दुसरा सिनेमा लावायला रिमोट हातात घेतला. आबांचा हात वेदिकाच्या डोक्यावरून पलीकडे आला आणि त्यांनी किशोरच्या मानेवर दोन थापा मारल्या.