कॉव्हेंट्रीच्या खिडकीतली चांदणी

मित्रांनो, एक पत्र वर्षभर माझ्या अंगावर पडून होते. त्याला उत्तर गेलेच नव्हते. मी एक जुनी कागदी चांदणी आहे. मला सगळे नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. पण सांगून बघते.

नाताळात ख्रिस्ती घरांवर येशूच्या जन्माची खूण म्हणून टांगतात, ती मी. अहमदनगरला नंदाताई आणि तिचा धाकटा भाऊ शशिकांत यांनी कामट्या बांधून, खळीने लाल कागद चिकटवून मला घडवले. पुढे शशिकांतांच्या सामानातून मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आले. दर डिसेंबरात त्यांच्या पत्नी सीमाबाई मला पुढच्या खिडकीत लावत. जाणारे-येणारे थांबून बघत. खोटे कशाला बोलू, मला ते आवडे.

२००६ च्या उन्हाळ्यात सीमाबाई वारल्या. डिसेंबर लागताच नंदाताईने अहमदनगरहून लिहिले, ‘शशी, यंदा चांदणी लावशील ना? कळव.’ ‘लावतो’ म्हणणे खोटे झाले असते आणि ‘नाही’ म्हटले तर ताई रडली असती. शशिकांतांनी पत्र माझ्या खोक्यात ठेवले आणि खोके जिन्याखाली. तो नाताळ अंधारातच गेला.

पुढल्या डिसेंबरात शेजारची सुमेधा चकल्या घेऊन आली.

“काका, गेल्या वर्षी मी विचारलं नाही. पण यंदाही तुमचा कंदील नाही? दिवाळी होऊन महिना झाला की तुम्ही लावायचात. आम्ही हसायचो, काका नेहमी लेट!”

“अगं, तो कंदील नव्हे. बेथलेहेमची चांदणी.”

“काय सांगता! काकूंनी कधी करेक्ट नाही केलं.”

“तिला चुका काढायला आवडत नसे. करंज्या वाटायला आवडे.”

सुमेधा हसली. मग हळूच म्हणाली, “घरात दुःख असलं की लावत नाहीत का?”

शशिकांत संकोची. श्रद्धेबद्दल बोलायची त्यांना सवय नव्हती. “लावतात,” ते अडखळत म्हणाले. “प्रभू जन्मला तो अंधारातच, सगळं ठीक झाल्यावर नव्हे. सीमा त्याच्यापाशी आहे, आमची भेट व्हायची आहे, असं मी मानतो. मानतो ना मी?”

“मला काय विचारता, काका? स्टूल कुठाय ते सांगा.”

जिन्याखालचे खोके बाहेर आले; ताईचे पत्र बाजूला ठेवून मला काढले, तर माझा एक कोपरा फाटला होता. शशिकांतांनी तो चिकटवला, जरा वाकडाच. मित्रांनो, फाटलेले लगेच टाकू नका. आतला दिवा वाकड्या कागदातूनही दिसतो.

सकाळी त्यांनी चार ओळी लिहिल्या: ‘ताई, सलाम. उशीर झाला. चांदणी लावली आहे. मी बरा आहे.’

खिडकीतून मला ते रस्ता ओलांडताना दिसले. लाल टपालपेटीपाशी लिफाफा क्षणभर हातातच राहिला. मग त्यांनी तो आत सोडला.