गुणमालाबाईंचा न काढलेला फोटो

मित्रांनो, मी एक म्हातारा कॅमेरा आहे. वारणेकाठच्या समडोळी गावात, धन्यकुमार मगदूम यांच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात माझा मुक्काम असतो. माझ्या पट्ट्याला बुरशी आली आहे आणि बटण जरा हट्टी झाले आहे. पण मी स्वतःचे रडगाणे गाणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरे झगे घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात सेन्सर बसवला. भिंगातून आलेला उजेड या सेन्सरवर पडतो आणि तिथे चित्र तयार होते. माझा सेन्सर काडेपेटीहून थोडासाच लहान आहे. मोबाईलचा बहुतेक करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे घडले ते या एवढ्याशा फरकामुळे घडले, म्हणून सांगतो.

धन्यकुमारांनी मला सांगलीतून आणले तेव्हा घरात पेढे वाटले होते. लग्नसराईत ते मला डोळ्याला लावत आणि त्यांच्या पत्नी गुणमालाबाई हॅलोजनचा दिवा धरून उभ्या राहत. नवरीच्या गालावर सावली कुठून पडते हे त्यांना नवऱ्याच्या आधी कळे. एकदा गर्दीत धक्का लागून तापलेला दिवा त्यांच्याच कपाळाला टेकला. उजव्या भुवईच्या वर चिंचोक्याएवढा डाग कायमचा राहिला. कुणी त्यांचा फोटो काढू म्हटले की त्या दिव्याआड होत. माझं कशाला, म्हणत.

पुढे फलटणच्या एका लग्नात एका पाहुण्याने नवा मोबाईल नाचवत धन्यकुमारांना डिवचले. माझा अठ्ठेचाळीस मेगापिक्सेलचा, तुमचं एवढं धूड वीसचंच, असे तो म्हणाला. उत्तर दिले ते दिवा धरलेल्या गुणमालाबाईंनी.

"दादा, एकराची हळद एका गुंठ्यात कोंबली, तर रोपं तेवढीच भरतील. पन कंद केवढा हुईल?"

मित्रांनो, माझी सगळी विद्या या एका वाक्यात आली. मेगापिक्सेल म्हणजे रोपांची संख्या आणि सेन्सर म्हणजे जमीन. जमीन मोठी असली की एकेका रोपाच्या वाट्याला भरपूर ऊन येते. गुंठ्यातही भर उन्हात बरे पीक दिसते, म्हणून दुपारी अंगणात मोबाईलही छान फोटो काढतो. खरी परीक्षा अंधाऱ्या खोलीत होते. तिथे लहान सेन्सरला उजेड पुरत नाही. चित्रात रवाळ दाणे येतात, आणि ते लपवायला मोबाईल सगळे पुसून गुळगुळीत करतो. दाण्यांबरोबर सुरकुत्याही जातात.

अंधाऱ्या खोल्यांची माझी ओळख जुनी होती. आमच्या भागात माणूस गेले की उचलण्याआधी फोटोवाल्याला निरोप जाई. माजघरात दाराशी गर्दी, आत जेमतेम उजेड. तरी धन्यकुमार फ्लॅश मारत नसत. गेलेल्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड मारू नये, असे त्यांचे मत होते. त्या कामाला मीच लागे. किती चेहरे मी असे पाहिले, त्याची गणती नाही. लोक म्हणत, धन्यकुमारांच्या फोटोत माणूस झोपल्यासारखे दिसते. पण मला वाटते, त्या फोटोंमुळेच त्यांच्या मनात माझ्याविषयी भीती बसली.

मग दोन हजार एकोणीसचा पूर आला. वारणा घरात शिरली. नाव दाराशी लागली तेव्हा गुणमालाबाईंच्या हातात एकच वस्तू मावणार होती. फळीवर एकीकडे मी स्टीलच्या डब्यात होतो आणि दुसरीकडे अल्बमची पेटी, त्यांच्या लग्नापासूनचे सगळे फोटो असलेली. त्यांनी डबा उचलून डोक्यावर धरला. हा असला तर फोटो परत काढता येतील, असे त्या नावेत म्हणाल्या. पेटी वाहून गेली. हे ऋण माझ्यावर आहे आणि मी ते फेडू शकलो नाही.

पुरानंतर धंदा बसला. लग्नात प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. फलटणला दिलेल्या लेकीने, चंदनाने, वडिलांनाही एक घेऊन दिला आणि मी कपाटात गेलो. फक्त गुणमालाबाई दर रविवारी मला बाहेर काढून पुसत आणि बॅटरी भरून ठेवत. धन्यकुमारांनी त्यांना कधी अडवले नाही, पण मला हातही लावला नाही.

गेल्या वर्षी गुणमालाबाई आजारी पडल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांनी घरी न्यायला सांगितले. मधल्या खोलीत खाट टाकली. त्यांना उजेड सोसेना, म्हणून खिडकीला पडदा लावला. चंदना येऊन राहिली. एका संध्याकाळी गुणमालाबाईंनी नवऱ्याला जवळ बोलावले.

"आवं, एक फोटो काढा माझा. पोरीपाशी माझा एक बी फोटो न्हाई."

धन्यकुमारांनी खिशातून मोबाईल काढला. गुणमालाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"त्यो नगं. कपाटातला काढा. हितं उजेड लय कमी हाय, मोबाईलमधी माझं तोंड न्हाई उतरायचं."

मी डब्यात तयार होतो. बॅटरी भरलेली होती, ती त्यांनीच भरली होती. पण धन्यकुमार जागचे हलले नाहीत.

"त्यो कॅमेरा नगं, गुणमाला. त्यानं आजवर कुणाकुणाचं फोटो काढल्यात, तुला ठावं हाय. तू बरी हो. मग अंगणात काढू, उन्हात."

गुणमालाबाई बरं म्हणाल्या आणि त्यांनी पदर नीट केला. मोबाईलवर फोटो निघाला. छोट्या पडद्यावर तो चांगला दिसला, म्हणून धन्यकुमारांना हायसे वाटले. चार दिवसांनी गुणमालाबाई गेल्या. त्या दिवशी कुणी फोटोवाल्याला बोलावले नाही.

रक्षाविसर्जनाच्या सकाळी तोच मोबाईलवरचा फोटो सांगलीहून दोन बाय तीन फुटांचा छापून आला. छापणाऱ्याने आधीच सांगितले होते की यात मोठे करण्यासारखे काही नाही. कागद उलगडला. मेणाचा असावा तसा एक चेहरा होता. सुरकुत्या नव्हत्या, पापण्या एकमेकींत मिसळलेल्या. चंदनाने भुवईच्या वर बोट फिरवले.

"आबा, आईचा चटका कुठं गेला?"

धन्यकुमार कागदावर वाकले.

"ही आई न्हाई, आबा. मला न्हाई ठेवायचा ह्यो."

तिने कागद गुंडाळून ठेवला. गेलेल्या माणसाचे अंथरूण देऊन टाकायची रीत, ते न्यायला दुपारी माणसे आली. धन्यकुमारांनी त्यांना दाराशी थांबवले, कपाट उघडले आणि डबा काढला. पडदा होता तसाच ठेवून त्यांनी मला त्या मोकळ्या खाटेसमोर धरले. मी आयुष्यात तेवढा जीव लावून कधी पाहिले नव्हते. होता तेवढा उजेड मी गोळा केला.

तो फोटो आता मधल्या खोलीत लावला आहे, तोही दोन बाय तीन फुटांचा. गुणमालाबाईंनी शिवलेल्या वाकळीचा टाकान् टाका त्यात मोजता येतो. उशीला पडलेला खळगा दिसतो. त्या खळग्यात राहिलेला त्यांचा एक पांढरा केससुद्धा स्पष्ट आला आहे. लोक विचारतात, मोकळ्या खाटेचा फोटो कशाला लावला? धन्यकुमार दर रविवारी माझी बॅटरी भरतात.

मित्रांनो, मला पुसले नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात जो दिवा धरून उभा असतो, त्याला एकदा उजेडात बसवा आणि त्याचा फोटो काढा. तो बरा असतानाच काढा. माझ्याकडे एवढा मोठा सेन्सर आहे, आणि त्यावर गुणमालाबाई नाहीत.