गोल मूठ

रुखमिणीने हँडलवर कोपर ठेवून दाबलं. दुकानातल्या नमुन्याच्या फळीवरचं छोटं दार खट्‌ होऊन उघडलं. तिने ते लोटून लावलं आणि पुन्हा उघडून पाहिलं.

"हेच घेऊ," तिची मुलगी शुभांगी म्हणाली.

संधिवाताने रुखमिणीची बोटं तळहाताकडे वळली होती. कारधा गावातल्या घराची कडी तिला निघत नसे, आणि संडास अंगणात. नवरा टिकाराम दार उघडून द्यायचा. जन्मभर वैनगंगेत जाळं टाकलेल्या या माणसाला आता काही आठवत नव्हतं. पावसाळ्यात दोनदा तो कडी काढून एकटाच नदीवर गेला. दुसऱ्या खेपेला लोकांनी त्याला गळ्याइतक्या पाण्यातून ओढून आणलं. कडी हाताच्या सवयीने निघते, नव्या तऱ्हेचं हँडल बाबांना उमगणार नाही, अशी शुभांगीची समजूत. म्हणून ती जवाहरनगरहून येऊन दोघांना भंडाऱ्याला घेऊन आली होती.

बाकावरचा टिकाराम उठला. त्याने हँडलवर पंजा टेकवला. दार उघडलं.

"नदीत डोंगा सोडून ठेवला," तो म्हणाला. "चाल."

रुखमिणीने कोपर पदराखाली घेतलं.

दुकानदार पुंडलिकरावांनी दाराच्या वरच्या अंगाला बसणारी खिटी दाखवली. रुखमिणीचे हात खांद्यापर्यंतही जात नव्हते. कुलपाची चावी तिच्या बोटांत ठरली नाही. मग त्यांनी गोल मूठ काढली. टिकारामने ती ओढली, ढकलली, हलवून पाहिली. फिरवायचं त्याला सुचलं नाही. रुखमिणीने दोन्ही तळव्यांत धरली, तर निसटली.

"हे द्या," ती म्हणाली.

"आई, तुले कुठं उघडते हे?"

"यायले बी नाही उघडत."

"अन्‌ तू?"

"गोदावरीबाई येईल ना शेजारची. बाहेरून उघडंल."

पुंडलिकरावांनी मान खाली घालून मूठ कागदात गुंडाळली.

मंगरू सुताराने ती बसवून दिली. गोदावरीबाई दिवसातून चारदा येऊन रुखमिणीला अंगणात नेऊन आणू लागली. टिकाराम दाराशी जायचा, मूठ ओढायचा आणि खाटेवर येऊन बसायचा. नदीवर तो पुन्हा गेला नाही.

धानकापणी लागली. एका दुपारी गोदावरीबाई शेतावरून परतलीच नाही. रुखमिणीने हाका मारल्या, पण गल्लीत कोणी नव्हतं. तिने मूठ तळव्यांत धरली, मनगटांत धरली. शेवटी वाकून दात लावून पाहिले.

"काय होऊन राहिलं?" टिकारामने विचारलं.

"बाहेर जाचं होतं."

तो उठून आला. जाळ्याच्या गाठी अजूनही बिनचूक मारणारे त्याचे हात मुठीवर आले. त्याने जोर लावून ओढलं.

"कसं उघडते हे?"

रुखमिणीचे ओठ हलले. सांगितलेलं तो विसरला असता. एकदा मूठ फिरवलेले हात विसरले नसते.

"नाही उघडत, जी," ती म्हणाली. "बसा तुमी."

भिंतीला पाठ लावून ती हळूहळू खाली बसली. पाय जवळ घेतले. लुगडं ओलं होत गेलं आणि मग जमीनही.

टिकारामने खांद्यावरचा दुपट्टा तिच्या मांडीवर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.