दुर्गाबाईंच्या हातातला पेला

मित्रांनो, भिंतीवरच्या फोटोकडे तुम्ही सगळे बघता, पण त्याला चारी बाजूंनी कुणी धरून ठेवलंय तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती मी. मी एक जुनी सागवानी फ्रेम आहे. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांच्या गल्लीत हाशिमभाईंचं लहानसं दुकान आहे, तिथे मी घडले. त्याआधी मी एका पडक्या घराच्या दाराचं लाकूड होते. हाशिमभाईंनी मला कापलं, घासलं, कोपरे जुळवले, पॉलिश केलं आणि खिळ्याला टांगलं. गिऱ्हाईकांना सोनेरी, नक्षीच्या फ्रेमा लागायच्या. मी साधी, म्हणून बरेच दिवस तिथेच राहिले.

एके दिवशी एक वाळलेला, उंच माणूस आला. त्याचं नाव कडूबा. त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढला.

"कोन हायेत ह्या?" हाशिमभाईंनी विचारलं.

"माही घरवाली. दुर्गाबाई. आमच्या गावची सरपंच व्हती. मागल्या म्हैन्यात गेली."

फोटोत एक बाई नळाजवळ उभी होती. डोक्यावरचा पदर मागे सरकलेला, हातात पाण्याचा स्टीलचा पेला, आणि ती तोंड भरून हसत होती.

"भाऊ, हातातला गिलास दिसून राह्यला. खालून कापून देऊ का? निस्ता चेहरा ठेवू. सगळे तसंच करतेत."

"बिलकुल न्हाई. पेल्यासाठीच तर हा फोटो हाय. गावात टाकी झाली, तवा नळाचं पैलं पानी तिनं पेलं, तवाचा. अन् तिचा मोठा फोटो एवढा एकच हाय. फोटो काढायला तिला टाईम कुठं व्हता?"

सोनेरी फ्रेमा बाजूला सारून हाशिमभाईंनी मला खाली काढलं. "ही घ्या. साधी हाय, पर सागवान हाय. तुमच्या-माझ्या मागंबी राहील."

एसटीतून शहागडला उतरताना मी कडूबाच्या हातून निसटले आणि पायरीवर आपटून माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला. कडूबा तिथेच उभा राहून कितीतरी वेळ तो कोपरा अंगठ्यानं चोळत होता, जसं काही मला लागलं असावं.

आमचं गाव तिथून आत आहे. गोदावरी जवळ, पण दुर्गाबाई सरपंच होईपर्यंत बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला नव्हता. टाकीसाठी ती तालुक्याला आणि जालन्याला खेटे घालायची. कडूबा तिची भाकरी बांधून सोबत जायचा आणि कचेरीबाहेर बसायचा. लोक त्याला डिवचायचे, "काय तात्या, सरपंच आत अन् तुमी चपला राखायला?" तो म्हणायचा, "मंग? चपला गेल्या तर ती घरी येईल कशी?" हे सगळं मी पुढे ग्रामपंचायतीच्या भिंतीवरून ऐकलं. मला तिथेच टांगलं होतं.

पहिल्या वर्षी तिच्या पुण्यतिथीला सगळं गाव आलं. मला खुर्चीवर पांढऱ्या कपड्यावर ठेवलं, हार घातला, उदबत्ती लावली. काकासाहेब बोलायला उभा राहिला. दुर्गाबाईनंच त्याला बोट धरून राजकारणात आणलं होतं आणि तिच्यामागे तोच सरपंच झाला होता. त्याचा गळा दाटून आला. "मावशीनं ह्या गावाला पानी पाजलं. गावात नळ हाय तोवर ह्या दिवशी गाव हितं उभं राहील. हा माझा शब्द हाय."

मित्रांनो, मी लाकूड. मला तो शब्द खराच वाटला.

दुसऱ्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी खुर्च्या मांडल्याच नाहीत. कडूबा शेतातल्या झेंडूचा हार घेऊन आला. तो आणि शिपाई वसंता, दोघंच माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"तात्या, दोन मिन्टं झाले आस्तील का?" वसंतानं हळूच विचारलं.

"तुला घाई हाय का?"

"घाई न्हाई, पर च्या उतू चाललाय."

"मंग जाय की जल्दी! ती आस्ती तर तिनंच पळवलं आस्तं तुला."

दोघंही हसले. काचेमागून ती तर हसतच होती. मला वाटलं, एवढं राहिलं तरी पुष्कळ.

मग रामराव वारले. ते मोठे पुढारी, माणूस भला. टाकीची फाईल पुढे सरकायला त्यांचा हात लागला होता. दुसऱ्याच दिवशी गावात शोकसभा ठरली. गाड्या येणार, पाहुणे येणार. फोटो छापून आला, पण फ्रेम नव्हती.

"ती मावशीची फ्रेम घ्या," काकासाहेब दारातूनच म्हणाला. "आजच्या पुरती. उद्या परत तिचा फोटो लावून टाकू."

वसंतानं माझी पाठ उघडली. दुर्गाबाईचा फोटो हातात घेऊन तो खोलीभर फिरला. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो जमिनीवर ठेवत नाहीत. कपाटात झाडू होते, टेबलावर चहाचे डाग. कुठे ठेवावं हे त्याला सुचेना. शेवटी तो म्हणाला, "मावशी, हितंच बस जरा," आणि तिच्याच पुढे त्यानं रामरावांचा फोटो सरकवला. मान राखायचा म्हणूनच त्यानं तसं केलं.

त्या दिवशी भाषणं झाली. काकासाहेबाचा गळा तसाच दाटला. शब्दही तेच होते, फक्त मावशीच्या जागी साहेब होते.

तो उद्या आला नाही. वसंता काम सोडून परतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये लागला. तिचा दिवस आला तेव्हा कडूबा हार घेऊन दारात उभा राहिला. त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग जवळ येऊन माझ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"ही फ्रेम तर माही हाय. अन् ती कुठं हाय?"

काकासाहेब मोबाईल बघत होता. "आसल हितंच कुठं. तात्या, फ्रेमचं काय घेऊन बसले? नवी आणू. भारीतली."

"फ्रेम न्हाई मागून राह्यलो. फोटो कुठं हाय? वसंतानं ठेवला आसल. त्याला इचारा."

"मी करतो ना फोन. तुमी जा खुशाल घरी."

कडूबानं आधी स्वतः शोधलं. कपाटं, रद्दी, टेबलाखाली. मी त्याच्या डोक्यावर टांगलेली होते, ती माझ्या पोटात होती, आणि मला तोंड नव्हतं. फोटोला आणलेला हार परत घरी नेत नाहीत. तो हार हातात धरून थोडा वेळ उभा राहिला, मग त्यानं तो माझ्याच गळ्यात घातला. "फ्रेम तरी तिची हाय," म्हणाला. हार जिचा तिलाच पोचला होता, पण त्याला ते कळायला मार्ग नव्हता.

फोन कुणीच केला नाही. एका फोनचं काम होतं. कडूबानं पुन्हा विचारलं, तेव्हा "रद्दीत गेला आसल" म्हणून त्याची बोळवण केली.

पुढे निवडणूक आली आणि काकासाहेबानं पक्ष बदलला. रामरावांचा फोटो आता नव्या पाहुण्यांना खुपणार, म्हणून मला उतरवून कपाटामागे ढकललं. जमिनीवर, डोकं खाली करून. दुर्गाबाईला गाव हळूहळू विसरलं, रामरावांना तर एका दुपारीत. पावसाळ्यात भिंत पाझरायची आणि पाणी माझ्या खालच्या अंगात मुरायचं. तिथे दोघांचीही डोकी होती.

नंतरच्या पुण्यतिथीला कडूबाला मी कपाटामागे दिसले. "ही न्हेऊ का?" त्यानं काकासाहेबाला विचारलं.

"न्या ना तात्या, भंगारच हाय ते."

तो मला घेऊन हाशिमभाईंकडे गेला. खिशातून दुर्गाबाईचं मतदार कार्ड काढलं. "हिच्यावरला चेहरा मोठा करून बसवा. दुसरं काही राह्यलं न्हाई."

हाशिमभाईंनी माझी पाठ उघडली आणि ते थांबले. "भाऊ, हे बघा. हितं तर दोन हायेत."

कडूबा वाकला. मग हाशिमभाई ओल्या कापडानं, पातळ सुरीनं, श्वास रोखून दोन फोटो वेगळे करू लागले. खालचा भाग सहज सुटला. वरचा सुटला नाही. ओलीनं चिकटलेला तिचा चेहरा रामरावांच्या फोटोच्या पाठीवर निघून आला, उलटा, पुसटलेला. तिच्या फोटोत उरला तो पदर, हात, आणि पाण्यानं भरलेला पेला.

"कार्डावरचा चेहरा लावू का हितं? जमल," हाशिमभाई हळू आवाजात म्हणाले.

कडूबानं मान हलवली. "न्हाई. हात तिचाच हाय. हातच राहू द्या."

"अन् ह्यांचं काय करायचं?"

कडूबानं रामरावांचा फोटो उलटा करून बराच वेळ पाहिला. "ह्यान्लाबी खाली ठेवू नका. पाठीला तिचं तोंड हाय. आता ह्यान्ला मागं बसवा अन् तिला म्होरं."

आता मी कडूबाच्या घरात माठाच्या वर आहे. पुण्यतिथीला इथे भाषण नसतं. तो एक पेला पाणी पितो, मला हार घालतो आणि वाटेल तेवढा वेळ उभा राहतो.

मित्रांनो, गेलेल्या माणसाला मान द्यायला मोठा गळा लागत नाही. शब्द दिला असेल तर तो पाळा, आणि पाळणं होत नसेल तर देऊ नका. आणि भिंतीवर नवा फोटो लावायची वेळ आली तर आधी जुन्या फ्रेमची पाठ उघडून बघा. आत कुणीतरी असेल, आणि त्याचं माणूस अजून त्याला शोधत असेल.