एक बोट जागा

"हात टेबलावर ठेवा. असा नव्हे, उताणा. आता हलवू नका."

"मी कुठे हलवतेय, दादा? दुखतंय म्हणून तोच हलतोय."

पट्टेवाल्याने तिच्या मनगटावरच्या घड्याळाचे बक्कल सोडले. पट्टा सुटला, पण निघाला नाही. ओल्या कातडीला चिकटून राहिला. कापसाने पाणी लावत त्याने तो सोडवला. खाली घड्याळाच्याच मापाचा एक चौकोन होता, लाल, पाझरणारा, कडांना पांढरा पडलेला. धुलाईखात्यात अकरा वर्षे काढलेली ताई त्याच्याकडे परक्याच्या जखमेकडे पाहावे तशी पाहत होती.

"कधीपासून आहे हे?"

"झाले पंधरा दिवस. सासूबाई म्हणतात, पट्टा तर कुत्र्याचासुद्धा रात्री सोडतात."

"पुस्तिकेत तेच लिहिलंय," तो म्हणाला. "फक्त कुत्र्याचा उल्लेख नाही."

पुस्तिका भिंतीवर टांगलेली होती. त्या मोठ्या रुग्णालयाने आपल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या मनगटांवर तीनशे घड्याळे बांधली, तेव्हा प्रत्येक घड्याळाबरोबर एक पुस्तिका आली होती. कर्मचाऱ्यांनी ती वाचावी अशी कोणाची अपेक्षा नव्हती. पट्टेवाल्याने ती वाचली, कारण हाती आलेला कागद वाचण्याची खोड त्याला जुनी होती. पट्टा आणि मनगट यांत एक बोट जाईल इतकी जागा ठेवावी, असे पुस्तिका सांगे. पट्टा रोज कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावा. पूर्ण कोरडा झाल्याखेरीज बांधू नये. ब्लीच आणि वाफ यांपासून दूर ठेवावा. त्वचेला अधूनमधून मोकळी हवा द्यावी. शेजारीच मनुष्यबळ विभागाचे परिपत्रक होते. घड्याळ मनगटाला घट्ट टेकलेले असावे आणि दहा मिनिटांहून अधिक काळ नाडी न मिळाल्यास कर्मचारी गैरहजर समजला जाईल, असे ते सांगे. जेवणाची सुट्टी या नियमाला अपवाद नव्हती. माणसाने विसावा घेण्यास हरकत नसे, नाडीने घेता कामा नये. या दोन मजकुरांतली विसंगती तिसऱ्या कोणत्या कागदाने मिटवल्याचे आढळत नाही. ती मिटवण्याचे काम मनगटांवर सोपवलेले होते. आणि ताई रोज आठ तास ब्लीचचे पिंप आणि वाफेची इस्त्री यांच्या मधोमध उभी असे.

पट्टेवाल्याविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. तीस वर्षांपूर्वी तो खरोखरचा पट्टेवाला म्हणून लागला: खांद्यावरून तिरपा जाणारा लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, हातात फायली. पुढे फायली संगणकात गेल्या, पद रद्द झाले, पट्टा आणि बिल्ला भांडारात जमा करून घेण्यात आले. 'पट्टेवाला' हा शब्द मात्र जमा करून घ्यायचा राहून गेला. निवृत्तीला अडीच वर्षे उरलेल्या या कायम नोकराला जिन्याखालच्या खोपटात बसवून घड्याळांचे पट्टे बदलण्याचे काम देण्यात आले, तेव्हा साऱ्या इमारतीला हसू आले होते. त्यालाही आले होते. त्याला स्वतःला घड्याळ नव्हते; घड्याळे कंत्राटी माणसांसाठी होती. कायम माणसाचे हृदय मोजण्याची गरज तोवर कोणाला वाटलेली नव्हती.

त्याने घड्याळ उलटे केले, पट्ट्याच्या आतल्या बाजूची बारीक कळ नखाने मागे ओढली आणि पट्टा सुटा केला. दात घासायच्या जुन्या ब्रशने त्याच्या भोकांतला साबणाचा चिकटा काढला. कोपऱ्यातल्या भिंतघड्याळाचा काटा पुढे सरकत होता. नाडी सुटून सात मिनिटे झाली होती.

"हे सुकायला हवं," तो म्हणाला. "जखम नुसती पुसून भागणार नाही. तास-दीड तास तरी हवा लागली पाहिजे. रोज."

"आणि गैरहजेरी लागली की?"

मग त्याने पट्टा पुसून पुन्हा बसवला आणि घड्याळ स्वतःच्या डाव्या मनगटावर बांधले. काचेवर हिरवा दिवा लुकलुकला.

"अहो दादा! पकडलं तर?"

"याला नाडी लागते. कोणाची, हे विचारायची अक्कल दिलेली नाही याला. तुम्ही जेवून या. एक ते दोन हे माझ्याकडे."

नऊ दिवस हे चालले. ताई एक वाजता जिन्याखाली यायची, घड्याळ सोडायची, मनगट उताणे टेबलावर ठेवून डाव्या हाताने जेवायची. तिथे बसण्याची मुभा आहे हे कळल्यावर ती बोलायलाही लागली. घर म्हणजे रुग्णालयामागची एक खोली, नोकरीबरोबर मिळालेली. त्यात अंथरुणाला खिळलेली सासू. नवऱ्याचा उल्लेख एकदाच झाला आणि तोही भूतकाळात. सासूच्या शिव्या मात्र ती चवीने सांगायची. "काल म्हणाल्या, तुझ्या हातची चादर म्हणजे पापड. म्हटलं, इस्त्री आहे ती, माया नव्हे." दहाव्या दिवशी चौकोनावर नवी कातडी धरली, गुलाबी आणि पातळ. पट्टेवाल्याने पट्टा बांधताना आपली तर्जनी खाली सरकवून जागा मोजली. "एवढी ठेवा. कोणी काही म्हणालं तर सांगा, पुस्तिकेत आहे."

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा एकची वेळ नव्हती. ती सावकाश चालत होती आणि तिचा हात छातीवर होता.

"दादा, मला हृदयाचा आजार निघालाय."

तिने पत्र पुढे केले. 'हृदयगती वारंवार अनियमित आढळल्याने उष्ण व दमट जागी काम करण्यास अपात्र. सेवा समाप्त. खोली दोन महिन्यांत रिकामी करावी.' सोबत नोंदींचा तक्ता होता. नऊ तारखा. प्रत्येक तारखेपुढे वेळ, आणि ती प्रत्येक वेळ दुपारच्या एक ते दोन यांमधली.

त्या इमारतीत दोन मजले वर हृदयरोगाचा विभाग होता. आजाऱ्याला तिथे पाठवावे असे कोणाच्याही मनात आले नव्हते. आजार शोधण्याचा हेतू आजाऱ्याला बरे करणे हा असतो, ही समजूत त्या वास्तूत अजून काही जुन्या डॉक्टरांपुरती शिल्लक असेल. मनुष्यबळ विभागाला ती लागू नव्हती.

"मला कधी काही जाणवलंच नाही हो," ताई सांगत होती. "आता मात्र जाणवतं. पायऱ्या मोजून चढते. निजताना कुशीवर वळायची भीती वाटते. परवा सासूबाई सरपटत पिंपापर्यंत गेल्या आणि मला पाणी दिलं. म्हणाल्या, तू आधी गेलीस तर मी शिव्या कोणाला देऊ?" ती हसली आणि हसणे अर्ध्यावर आवरले, जणू तेही जपून वापरायला हवे होते.

पट्टेवाल्याला पहिली तारीख वाचतानाच कळले होते. सहा वर्षे त्याच्या छातीत मधूनच एक मासोळी उलटत असे. त्याने तिला गॅस असे नाव दिले होते आणि नाव दिल्यावर तिची वेगळी चौकशी केली नव्हती. हे सारे त्याच्या ओठांवर आले आणि तो त्या वेळी बोलला नाही, याचीही नोंद करायला हवी. निवृत्तीला एक वर्ष उरले होते. दोन दिवस तो खोपटात बसून आला त्याचा पट्टा बदलत राहिला. तिसऱ्या दिवशी उठला आणि, ताईला न विचारता, वर गेला.

तीस वर्षे फायली वाहिलेल्या माणसाची एक श्रद्धा असते: चुकीच्या कागदावर खरा कागद ठेवला की चूक झाकली जाते. मनुष्यबळ अधिकारी तरुण आणि सभ्य होता. त्याच्याही मनगटावर घड्याळ होते. त्याचा पट्टा मऊ चामड्याचा, सैल आणि त्याच्या आवडीचा होता.

"बसा ना, काका."

या खोलीत तो आजवर कधी बसला नव्हता. तो उभाच राहिला.

"साहेब, ते हृदय माझं आहे."

"कुठलं?"

"धुलाईच्या ताईंच्या पत्रातलं. त्यांचं घड्याळ मी बांधत होतो. त्यांच्या मनगटाला जखम होती, ती सुकेपर्यंत. त्यांना काही झालेलं नाही, साहेब. जे आहे ते मला आहे."

अधिकाऱ्याने नोंदींचा तक्ता उघडला, तारखा पाहिल्या. "नऊ दिवस?"

"नऊ."

"आणि त्या बाईंना हे माहीत होतं?"

"त्यांच्याच हातावरचं काढून बांधलं. माहीत कसं नसेल?"

"बरोबर." अधिकाऱ्याने काहीतरी लिहून घेतले. "बरं झालं तुम्ही स्वतःहून सांगितलंत. नाहीतर नोंद चुकीचीच राहिली असती."

"मग त्यांचं पत्र रद्द होईल?"

"अर्थात. धडधाकट माणसाला आजारी म्हणून आपण कसं काढू, काका?"

तो शब्दाला जागला. दुसऱ्या दिवशी जुने पत्र रद्द झाले आणि दोन नवी निघाली. पहिल्याने पट्टेवाल्याला प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्तीपर्यंत घरी बसण्याचा आदेश दिला. दुसऱ्याने ताईला पूर्णपणे निरोगी ठरवले आणि घड्याळ अन्य व्यक्तीच्या मनगटावर बांधून उपस्थिती भासवल्याबद्दल कामावरून दूर केले. आजाऱ्याला खोली सोडण्यास दोन महिने मिळतात. शिस्तभंग करणाऱ्याला सात दिवस. नियमात तसे स्पष्ट आहे आणि नियम कोणी वाकवला नाही.

संध्याकाळी ती घड्याळ जमा करायला जिन्याखाली आली. आज ती भराभर चालत आली होती.

"विचारायचं तरी होतंत, दादा."

"चुकलं माझं."

"मी म्हटलं असतं, राहू दे तो आजार माझ्या नावावर. दोन महिने छप्पर तरी होतं. म्हातारीला उचलून आता नेऊ कुठे?"

तिने हात टेबलावर ठेवला, सांगावे न लागता, उताणा. त्याने बक्कल सोडले. या वेळी पट्टा सहज निघाला. नव्या कातडीवर ओरखडाही नव्हता.

त्याने कळ ओढून पट्टा सुटा केला, कोमट पाण्यात बुडवला, साबण लावला, एकेक भोक ब्रशने साफ केले, फडक्याने टिपून तारेवर अडकवला. घड्याळ दुसऱ्या फडक्याने पुसले. आदेशात हे एवढे धुणे-पुसणे लिहिलेले नव्हते.

"उद्या दुसरीला देणार?"

"हो. पट्टा कोरडा झाला की."

"तिला सांगा ते. बोटाचं."

"उद्या मी नसेन. चिठ्ठी लिहून ठेवतो."

ती जायला वळली आणि थांबली. "तुम्ही वर दाखवलंत का? हृदयवाल्यांना?"

"गेलो होतो. पुढच्या महिन्यातली तारीख दिलीय."

"दोन मजले चढायला महिना लागतो होय," ती म्हणाली. मग परत टेबलापाशी आली. "सासूबाईंना सांगितलं मी. मला काही झालेलं नाही म्हणून. पहिल्यांदा रडल्या, मग म्हणाल्या, चला, शिव्यांची सोय झाली. आणा हात इकडे."

"कशाला?"

"आणा तर. इतके दिवस जिना चढताना ज्याला जपलं, ते बघू तरी द्या."

त्याने हात टेबलावर ठेवला. अकरा वर्षे ब्लीचमध्ये बुडून खरखरीत झालेली दोन बोटे तिने त्याच्या मनगटावर टेकवली, दाब न देता. बाहेर पाळी बदलत होती. जिन्यावरून पावले उतरत होती. ती मान कलती करून, दाराआडचे बोलणे ऐकावे तशी ऐकत राहिली.

"थांबलं," ती म्हणाली.

"होतं परत सुरू," तो म्हणाला.

दोघे वाट पाहत राहिले.