करडाला फुंकर

बिरूचा ताप संध्याकाळी यायचा आणि पहाटे घामानं गोधडी भिजवून जायचा. तीन महिने हेच. करमाडात आधी मलेरियाची, मग टायफॉइडची औषधं झाली, पण ताप आणि सोबतची कंबरदुखी हटेना. शेवटी बानाबाईनं लेकाला शहरात आणलं.

क्रांती चौकामागच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्याच्या रक्तातल्या पाण्याचा थेंब टाकला, शेजारी एक गुलाबी थेंब, आणि दोन्ही काडीनं कालवले. बानाबाई मान लांब करून बघत होती. थेंबात कण धरू लागले.

"दूध फाटल्यावानी झालं की ओ बाई!"

"मावशी, यंदा तुमच्या शेळ्या गाभडल्या का?"

बानाबाई चपापली. दोन शेळ्यांनी मेलेली करडं टाकली होती. ते हिला रक्तात दिसलं?

"गुलाबी थेंबात शेळीच्या एका आजाराचे मेलेले जंतू आहेत. ब्रुसेला म्हणतात. बिरूच्या रक्तानं ते ओळखले, म्हणून गोळा झाले. कच्चं दूध पितो का हा?"

"ह्याला दुधाचा वासबी सोसत नाय. चहा तेवढा पितो, उकळून."

"मग मेलेली करडं कोणी ओढली?"

"ह्यानंच. पन शेळी मी धरली व्हती. मला कसा नाय आला ताप?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "चांगलं विचारलंत. त्यानं असं काय केलं, जे तुम्ही नाही केलं?"

बानाबाईला आठवलं. बिरूनं करडाच्या नाकाला तोंड लावून चिकट पाणी ओढून थुंकलं होतं, मग फुंकर मारली होती.

"मेलेल्या करडाला?"

"फुंकल्याबिगर मेलंय हे कळनार कसं?" बिरू म्हणाला.

त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "सहा आठवडे गोळ्या. ताप उतरला तरी सोडायच्या नाहीत. आणि शेळी विताना उघडा हात, तोंड, काही लावायचं नाही. गरोदर बाईनं तर जवळही जायचं नाही."

बानाबाई ताडकन उठली. बांडी शेळी आज-उद्या विणार होती, आणि घरी एकटी सून मंजुळा, पाच महिन्यांची पोटुशी. तिनं फोन लावला.

"आत्याबाई, बांडी सकाळपासून कण्हतीय. पदर खोचून बसलेय बगा."

"मागं सर! हात लावू नगंस!"

"अन् करडू मेलं तर?"

"मरू दे. तुझ्या पोटातलं बघ आधी."

बिरूला बाकावर सोडून, डॉक्टरीणबाईंनी दिलेले हातमोजे घेऊन तिनं जीप गाठली. घरी पोचली तेव्हा मंजुळा गोठ्याबाहेर हात पदरात गुंडाळून उभी होती. बानाबाईनं मोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं, तेवढ्यात करडू घसरून भुईवर आलं. हालेना. तिचे गुडघे आपोआप टेकले, हात फडकं खाली ओढायला गेला आणि अर्ध्यावर थांबला.

मग तिनं कडब्याची काडी मोडली, नाकपुडीत घालून हळूच फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली.

करडू शिंकलं.

"अगं बया! हे कुठं शिकलात?"

"दवाखान्यात काडी फिरवताना बघितली तिथं," बानाबाई म्हणाली. मोजे उलटे काढून तिनं दूर ठेवले. "गाभडली तवा शेळी मीच धरली व्हती. उद्या माझाबी थेंब कालवून बघायचाय. फाटतोय का तसाच ऱ्हातोय."