अकराव्या ढिगाची पाटी

साहेब, खडी तुम्ही कच्ची विकलीत आणि दार पाणक्याचं अडकलं.

पाणक्या म्हणजे तुमच्या पोलाद कारखान्याच्या मागच्या आवारात पाइप धरून उभा असतो, तो. भट्टीतला मळ, म्हणजे स्लॅग, थंड झाला की फोडून त्याची खडी करतात. पण तिच्या पोटात चुना राहतो. सहा महिने पाणी पाजून तो आवारातच जिरवायचा, नाहीतर खडी जिथं पडेल तिथं फुगते. पाणक्या मूठभर खडी डब्यात उकळून ठेवायचा. खडे फुटून पांढरं पीठ झालं की ढीग कच्चा. प्रत्येक ढिगावर तारखेची पत्र्याची पाटी, तीही त्यानंच रंगवायची.

अकरावा ढीग दीड महिन्याचा होता तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाटी बदल."

"साहेब, डब्यात अजून पीठ होतंय."

"मग डबा बदल!"

सगळे हसले. पाणक्याही हसला, आणि हसत हसतच त्यानं मागची तारीख घातलेली नवी पाटी रंगवली. जुनी त्याच ढिगात भिरकावली.

पुढं त्याला कामगार वसाहतीत नवी खोली मिळाली, फरशीखाली कारखान्याचीच खडी भरलेली. वर्षभरात उंबऱ्यामागची फरशी वर येऊ लागली. आत उघडणारं दार घासायला लागलं. त्यानं दोनदा रंधा मारून दार खालून कमी केलं. तुमचं पत्र आलं: रहिवाशांनी फरशी फार पाण्यानं धुतली म्हणून फुगली, मोडतोड केल्यास खोली खाली करावी लागेल. पाणक्यानं पत्र घडी करून खिशात घातलं. बोलायचं कोणत्या तोंडानं? पाटी तर त्याच्याच हातची.

काल सकाळी तो पाळी संपवून आला, तर दार हलेना. आत बायको, दिवस भरलेली. खिडकीला गज.

"अहो, ढकला ना!"

"ढकलतोय गं."

"गोंजारताय दाराला! माझ्या कळा सुरू झाल्यात."

"मोडलं तर खोली जाईल..."

"मग बाळाला गजांतून काढून देऊ का?"

शेजाऱ्याची पहार त्यानं दाराखाली घातली. दार फाटलं, उंबऱ्यामागची फरशी उचकटली. खाली पांढरं पीठ, आणि त्यात वाकलेला पत्रा. त्यानं अंगठ्यानं पुसला. अकरा नंबर. खरी तारीख. त्याचंच वळणदार अक्षर.

बायको चौकटीला धरून बाहेर आली. पाटी बघून ती क्षणभर कळ विसरली.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो. दाखवली तर नोकरी जाईल."

"आणि लपवली तर फरशी फुगायची थांबेल का?"

शेजारणीनं तिला रिक्षात घातलं आणि वसाहतीच्या नव्या प्रसूतिगृहात नेलं. पाणक्या निघाला तो थेट तुमच्या केबिनमध्ये. हाताला चुना, काखेत पाटी. तुम्ही म्हणालात, "बाहेर थांब." तो थांबला नाही. पाटी त्यानं तुमच्या टेबलाच्या काचेवर ठेवली.

"हात माझा होता, हुकूम तुमचा. माझं काय करायचं ते करा. पण अकराव्या ढिगाचे चाळीस ट्रक गेले, आमच्या खोल्यांना लागले नऊ. प्रसूतिगृहाच्या फरशीखालीही त्याच महिन्यात खडी भरली. माझी बायको आत्ता तिथं आहे, दार लावून. बाकीचे ट्रक कुठं ओतले साहेब? बोला."